पाट, साखर आणि मैदा : हिमस्खलन नेमकं सुटतं कसं?

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपवर उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखराचे फोटो येऊ लागतात. पांढरं शिखर, लाल जॅकेट, हातात तिरंगा. जानेवारी-फेब्रुवारीत मधूनच एक बातमी येते : हिमालयात हिमस्खलन, अमुक जण गाडले गेले. बातमीचा शेवटही ठरलेला असतो, 'निसर्गापुढे माणूस हतबल'.

मला हा शेवट पटत नाही. भूकंपाबाबत तो खरा असेल, हिमस्खलनाबाबत बराचसा खोटा आहे. हौसेने बर्फाच्या डोंगरात गेलेले जे लोक हिमस्खलनात मरतात, त्यांच्याबाबतीत सुमारे ९० टक्के वेळा ते स्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी सुरू केलेलं असतं. युरोप-अमेरिकेत अनेक दशकांच्या नोंदींतून निघालेला हा आकडा आहे. म्हणजे डोंगर अंगावर येतो तो बहुतेकदा आपणच कळ दाबल्यामुळे. मग ती कळ असते कुठे, आणि पाय ठेवण्याआधी ती ओळखता येते का?

घसारा आणि लादी

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला घसारा समजावून सांगावा लागत नाही. सुटा मुरूम, बारीक खडे, पाय ठेवला की चार खडे सुटतात, त्यांच्या धक्क्याने आणखी दहा. बर्फातही असं होतं. ताजा, भुसभुशीत बर्फ एका बिंदूपासून सुटतो आणि खाली पंख्यासारखा पसरत जातो. हे स्खलन दिसायला भीतिदायक असलं तरी माणसं मारण्यात त्याचा वाटा कमी आहे. कड्याच्या तोंडाशी उभ्या माणसाला ते ढकलून देऊ शकतं, ही गोष्ट वेगळी.

खरा घातक प्रकार दुसरा. त्यात बर्फ कणाकणाने सुटत नाही. उताराचा अख्खा पापुद्रा एकाच क्षणी मोकळा होतो. त्या पापुद्र्याला आपण इथे 'लादी' म्हणू. रसवंतीवाल्याकडची भुशात गुंडाळलेली लादी मात्र डोळ्यांसमोर आणू नका. ती गोठलेल्या पाण्याची असते. ही पडलेल्या हिमाची, दाबून घट्ट झालेली. मराठीत दोन्हींना बर्फच म्हणायचं, त्यामुळे थोडा घोळ होतो. उत्तराखंडातल्या माणसाकडे पडलेल्या हिमासाठी 'ह्यूं' आहे, काश्मिरी माणसाकडे 'शीन'. ज्याच्या अंगणात जे पडतं, त्यासाठी त्याच्याकडे शब्द असतो.

लादी केवढी असते? ५० मीटर रुंद, ८० मीटर लांब आणि जेमतेम गुडघाभर, म्हणजे अर्धा मीटर जाड असा तुकडा घ्या. डोंगरात हा आकार मोठा मानत नाहीत. घनमीटरला २०० किलो धरले तरी वजन ४०० टन होतं. दहा टन माल वाहणारे चाळीस ट्रक. आणि हे सगळं काही सेकंदांत ताशी ऐंशी-शंभर किलोमीटरच्या वेगाला पोचतं. पळून सुटू, हा विचार इथेच सोडून द्या.

पाटावरचा प्रयोग

घरी पाट असेल तर हे करून बघा. पाटावर मैद्याचा पातळ थर दाबून बसवा. त्यावर अर्धा सेंटिमीटर साखर पसरा. मग चाळणीने आणखी मैदा पाडून तळहाताने हलका दाबा, दोन बोटं जाडीचा. वरून बघणाऱ्याला आता फक्त मैदा दिसतो : सपाट, स्वच्छ, पांढरा. पाट एका बाजूने हळूहळू उचला. बराच वेळ काही होणार नाही. आणि मग, कधी नुसता आणखी थोडा कलल्यावर, कधी वरच्या बाजूला बोटाने टकटक केल्यावर, आडवी चीर पडेल आणि वरचा मैदा अखंड वडीसारखा खाली येईल.

मैद्याची वडी म्हणजे लादी, साखर म्हणजे कच्चा थर. या लेखात हे दोनच शब्द लक्षात ठेवले तरी पुरे. साखरेच्या कणांची एकमेकांशी पकड नसते. ते वरचं वजन पेलतात, पण पत्त्यांच्या बंगल्यासारखे. एका जागी बंगला बसला की शेजारचा बसतो, त्याच्या शेजारचा बसतो, आणि ही मोडतोड लादीच्या खालून सेकंदाला वीस मीटर किंवा त्याहूनही वेगाने धावत जाते. पाय आपला एका जागी पडतो, चीर पडते ती शंभर मीटर वर. लादी सुटते तेव्हा माणूस बहुधा तिच्या मध्यावर उभा असतो.

कधी कधी सपाट जागी चालतानाही खालचा बंगला बसतो. पायाखालची जमीन बोटभर खचल्यासारखी वाटते आणि 'व्हुम्फ' असा दबका आवाज येतो, जाड गादीवर कुणी अंग टाकावं तसा. सपाटीवर उतारच नसल्याने काही घसरत नाही आणि लोक हसून पुढे जातात. हसू नये. कच्चा थर आहे, तो मोडायला तयार आहे आणि तो आपल्या वजनाने मोडतो आहे, हे सगळं त्या एका आवाजात कळतं. पायापासून काचेला जावी तशी चीर पळताना दिसली, तर तिचाही अर्थ तोच.

साखर येते कुठून?

आभाळातून तर हिमाच्या चांदण्या, म्हणजे चांदणीच्या आकाराचे नाजूक कण पडतात, मग त्यांची साखर कशी होते? फ्रीजरमध्ये महिनाभर पडलेली मटारची पिशवी आठवा. आतल्या बाजूला कडकडीत, सुटे, चकाकणारे स्फटिक जमलेले असतात. मटारातलं पाणी वाफ होऊन निघालं आणि थंड जागी स्फटिक होऊन बसलं. डोंगरावर हेच घडतं. बर्फाच्या पांघरुणाखाली जमीन शून्य अंशाच्या आसपास उबदार राहते (हो, तिथे शून्य म्हणजे ऊबच) आणि निरभ्र रात्री वरचा पृष्ठभाग उणे दहा, उणे पंधरापर्यंत उतरतो. वाफ खालून वर सरकत राहते आणि कणांची जुनी पकड मोडून त्यांना टोकदार, सुटं करून टाकते.

आता यातली उलटी गोष्ट. जाड पांघरूण बरं, पातळ वाईट. ढोबळ नियम असा की दर दहा सेंटिमीटरला तापमान एक अंशाहून जास्त बदलत असेल तर साखर तयार व्हायला लागते. बर्फ दोन मीटर जाड आणि वर उणे दहा, तर दर दहा सेंटिमीटरला अर्धा अंशच फरक पडतो. बर्फ अर्धाच मीटर आणि वर तेच उणे दहा, तर दोन अंश. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात थोडासा बर्फ पडून पुढे तीन आठवडे कोरडं, निळंशार आभाळ राहिलं, तर ट्रेकर खूश असतात आणि डोंगराच्या सावलीच्या बाजूला साखर तयार होत असते. मग जानेवारीत भूमध्य समुद्राकडून येणारा पश्चिमी झंझावात दोन दिवसांत मीटरभर बर्फ टाकतो. साखरेवर मैदा.

हिमालय सगळा एकसारखा नाही, हेही इथे सांगायला हवं. काश्मीरच्या पीर पंजालमध्ये, म्हणजे गुलमर्गच्या बाजूला, बर्फ भरपूर पडतो आणि थंडी तुलनेने सौम्य असते. तिथे धोका मुख्यतः वादळाच्या वेळी आणि लगेच नंतर वाढतो, मग बर्फ बसून घट्ट होतो. लडाख-काराकोरमकडे बर्फ कमी, थंडी कडक. तिथे कच्चा थर आठवडेच्या आठवडे लपून राहू शकतो. उत्तराखंडात दोन्हींचं मिश्रण असतं, उंची आणि उताराची दिशा बदलली की वेगळं.

वारा काय करतो

खळ्यावर धान्य उफणताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे एका वाक्यात कळेल. वारा हलका माल उचलतो आणि आडोशाला नेऊन टाकतो. शिखराच्या धारेवर वाऱ्याच्या बाजूचा बर्फ खरवडला जातो आणि पलीकडच्या, आडोशाच्या उतारावर साचतो. आभाळातून पडणाऱ्या बर्फापेक्षा कितीतरी जलद, कधी दसपट वेगाने. चांदण्यांचे तुकडे होऊन ते घट्ट बसतात, त्यामुळे लादी आयतीच तयार होते. वर आभाळ नुसतं निळं असेल, 'दोन दिवस बर्फ पडलेलाच नाही' असं सगळे म्हणत असतील, आणि आडोशाच्या उतारावर रातोरात अर्धा मीटर चढलेला असेल. धारेवरून पलीकडे झुकलेली बर्फाची वळचण दिसली, तर वारा माल कुठे टाकतो आहे ते कळतं. त्या वळचणीवर उभं राहून फोटो काढू नये. तिच्या खाली खडक नसतो, हवा असते.

उन्हाचं गणित याहून सोपं. दुपारी वितळलेलं पाणी थरांमधून झिरपतं आणि पकड सैल करतं. म्हणून बर्फात पहाटे निघून दुपारच्या आत उतरायचं असतं.

जिन्याचा उतार

बर्फाचे थर डोळ्यांना दिसत नाहीत, पण उतार दिसतो. आणि नवख्या माणसाच्या हातात असलेलं सगळ्यात भरवशाचं साधन हेच आहे. लादीची बहुतेक स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून कमी असेल तर मोडलेला थरही जागच्या जागी अडतो. पन्नासच्या वर गेलात तर बर्फ फारसा टिकतच नाही, पडता पडताच झडून जातो.

तीस अंश म्हणजे किती? इमारतीचा साधा जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. म्हणजे जिन्याएवढा किंवा त्याहून थोडा चढा उतार. हा आकडा माझ्या डोक्यात बसला तेव्हा जरा अस्वस्थ वाटलं होतं, कारण सह्याद्रीतल्या माणसाला जिन्याएवढा उतार म्हणजे चढच वाटत नाही. त्यातून बर्फावर डोळा हमखास चुकतो. फोनमधलं उतार मोजायचं अ‍ॅप काठीवर ठेवून मोजलेलं बरं.

आपण वीस अंशांवर आहोत एवढ्याने मात्र काम भागत नाही. डोक्यावर काय आहे? वरच्या चाळीस अंशांच्या उताराच्या पायथ्याशी चालताना खालचा आधार मोडून वरची लादी खेचली जाऊ शकते. आणि पायाखाली काय आहे? नळीत किंवा घळीत वर माणसं असताना थांबायचं नाही, दगड येतात, हे सह्याद्रीत पहिल्या ट्रेकला शिकवतात. बर्फात तीच घळ आणखी वाईट. उघड्या उतारावर पसरून घोट्याएवढं साचलं असतं ते अरुंद घळीत डोक्याच्या वर तीन मीटर साचतं.

'पण आपल्या पुढे तीस जण गेले की!'

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप. पायवाट पडलेली आहे म्हणजे बर्फाने वजन पेललं, मग मलाही पेलेल. पटण्यासारखं आहे, पण चूक. लादी सगळीकडे सारखी जाड नसते. मधल्या जाड भागावरून तीस जण जातात, खालच्या साखरेपर्यंत वजन पोचत नाही. एकतिसावा फोटोसाठी दोन पावलं बाजूला सरकतो, तिथे खडकाभोवती लादी पातळ असते आणि नेमकी तिथे कळ दाबली जाते. मग पूर्ण उतार सुटतो, तिसांच्या वाटेसकट.

'गाईड आहे ना बरोबर?' असणं चांगलंच. पण गाईडवर काय दडपण असतं तेही बघा. आपली रजा मंजूर झालेली, परतीचं तिकीट काढलेलं, पैसे भरलेले, आणि पंधरा जण 'शिखर तर करायचंच' म्हणून बसलेले. 'आज नको' म्हणणाऱ्या गाईडला त्या संध्याकाळी कोण बरं बोलतं? अनुभवानेही हमी मिळत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा प्रगत अभ्यासक्रमाचा गट द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटरच्या शिखराजवळ हिमस्खलनात सापडला. २७ मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. मृतांमध्ये प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या; त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांत केले होते. समोरचा माणूस किती कसलेला आहे, हे त्या थराला कळत नाही.

केदारकांठा, ब्रह्मताल यांसारखे हिवाळी ट्रेक लोकप्रिय झाले त्यामागे एक कारण हेही आहे की वाट बरीचशी दाट जंगलातून आणि सोंडेवरून जाते. दाट झाडी बर्फाला जागच्या जागी धरून ठेवते. म्हणून वाट सोडून 'जरा बाजूच्या मोकळ्या उतारावर घसरगुंडी खेळू' म्हणणं ही छोटी गोष्ट नाही. जंगलात मधेच सरळ खाली उतरणारा बिनझाडांचा पट्टा असेल आणि कडेच्या झाडांच्या डोंगराकडच्या फांद्या मोडलेल्या असतील, तर तो पट्टा हिमस्खलनाने साफ केलेला असतो. तिथे डबा उघडून बसायचं नाही. ओलांडायचाच असेल तर एकेकाने, बाकीच्यांनी बाहेर थांबून त्याच्यावर नजर ठेवत.

वरून आपोआप येतं त्याचं काय?

येतं. वर दिलेला ९० टक्क्यांचा आकडा हौसेने उतारावर गेलेल्यांचा आहे. रस्त्यावरच्या आणि छावणीतल्या माणसांचं चित्र वेगळं. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक ते नाथू ला रस्त्यावर पंधराव्या मैलाजवळ हिमस्खलनात सात पर्यटकांचा जीव गेला. परवानगी तेराव्या मैलापर्यंतचीच होती. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा इथे सीमा सडक संघटनेच्या छावणीवर स्खलन आलं. ५४ मजूर त्यात अडकले, ४६ वाचले, आठ गेले. त्या जिल्ह्यासाठी आदल्या दिवशीच इशारा दिलेला होता. बरेच जण वाचले याचं श्रेय ते राहत होते त्या लोखंडी कंटेनरना जातं. ते गडगडले, चेपले, पण आत श्वास घेण्याएवढी पोकळी राहिली. या घटनांत कळ कुणी दाबली नव्हती. उतार कुठे सुटतो आणि सुटलेला माल कुठवर पोचतो, हा प्रश्न मात्र तोच.

गाडलं गेल्यावर

थांबलेला बर्फ मऊ नसतो. घासून, आपटून कणांचे तुकडे होतात, ते थांबताक्षणी एकमेकांना चिकटतात आणि सिमेंट भरल्यासारखं होतं. बोट हलवता येत नाही. बहुतेक जण गुदमरून जातात. थंडीने मरायला वेळ लागतो, तेवढा मिळत नाही. स्वित्झर्लंडमधल्या नोंदी सांगतात की पूर्ण गाडलेला माणूस दहा मिनिटांच्या आत बाहेर काढला तर दहांत नऊ जण जगतात. अर्धा तास उलटला की दहांत तीन.

दहा मिनिटांत कोण येणार? हेलिकॉप्टर नाही, राज्याचं आपत्ती दल नाही. शेजारी असलेला सोबतीच. म्हणून तीन वस्तू प्रत्येकाकडे लागतात : ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा-घेणारा बीकन, तंबूच्या काठीसारखी जोडून लांब होणारी शोधकांडी, आणि धातूचं फावडं. बीकन जागा दाखवतो, कांडी खोली सांगते, बाकी सगळं फावड्याचं काम. मीटरभर खोल माणसापर्यंत पोचायला टन-दीड टन बर्फ उपसावा लागतो. नखांनी तो निघत नाही. हे तिन्ही वापरायचा सराव नसेल तर ते सॅकमधलं ओझं आहे.

फुगणारी हवेची पिशवी हा चौथा पर्याय. चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर येतात ना, त्याच तत्त्वावर ती माणसाला मोठा करून वर ठेवते. महाग आहे. आणि झाडा-खडकांवर आपटण्यापासून ती वाचवत नाही.

'मग हनुमंतप्पा सहा दिवस कसे जगले?' हा प्रश्न येतोच. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनच्या सोनम ठाण्यावर दहा जवान गाडले गेले आणि सहाव्या दिवशी लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचं निधन झालं. ते तंबूत होते, भोवती हवेची पोकळी राहिली होती. उघड्यावर चालणाऱ्याला तशी पोकळी मिळेल यावर ट्रेक आखता येत नाही.

आणि ओरडल्याने स्खलन होतं का? नाही. माणसाच्या आवाजात तेवढा जोर नसतो. सोबत्याला सावध करायचं असेल तर खुशाल बेंबीच्या देठापासून ओरडा.

इशारा वाचायचा कसा

भारतात हिमस्खलनाचा अंदाज चंडीगढची 'डीजीआरई' ही संरक्षण संशोधन प्रयोगशाळा देते. तिचा जुना अवतार म्हणजे १९६९मध्ये मनालीत सुरू झालेली 'सासे'. अंदाजात तीन गोष्टी बघायच्या : जिल्हा, उंची आणि धोक्याची पातळी. जगभर पाच पातळ्यांची शिडी वापरतात, आणि तिच्यात एक चकवा आहे. युरोपातल्या नोंदींत सर्वाधिक माणसं चौथ्या-पाचव्या पातळीला नव्हे, तिसरीला मरतात. पाचला लोक घरी बसतात. तीन हा आकडा परीक्षेत काठावर पास झाल्यासारखा वाटतो, आभाळ मोकळं असतं, आणि लोक निघतात.

गुलमर्गलाही हे लागू आहे. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवटच्या डोंगरावर जवळजवळ ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. राखलेल्या, गस्त असलेल्या पट्ट्यापासून चार पावलं बाजूला बॅककंट्री सुरू होते, म्हणजे जिथे कुणी स्फोट करून उतार आधी मोकळे केलेले नाहीत असा डोंगर. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर हिमस्खलनात पोलंडच्या दोन स्कीपटूंचा जीव गेला, पुढच्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गुलमर्गच्याच उतारांवर रशियाच्या एकाचा. मध्ये कुंपण नसतं, फार तर दोरी.

उंचीचा आकडा मात्र बहुतेक जण वाचतच नाहीत. 'उत्तरकाशी, २,४०० मीटरच्या वर' असं लिहिलेलं असतं आणि केदारकांठाच्या पायथ्याच्या सांक्री गावात होमस्टेमध्ये शेकोटीपाशी बसून ते कुठल्यातरी दूरच्या शिखराबद्दल आहे असं वाटतं. सांक्री सुमारे १,९५० मीटरवर आहे. केदारकांठाच्या वाटेवरचा जुडा-का-तालाब २,७००च्या वर. म्हणजे पहिल्या दिवशी दुपारी, चहा प्यायला थांबण्याआधीच, आपण त्या ओळीच्या वर गेलेले असतो.